पपई, बकरी आणि दीड लाखांचा पेशंट

गेल्या आठवड्यात आमच्या दहावीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. पहिल्यांदा तो २०२० च्या पावसाळ्यात आला होता, दुसऱ्या लाटेनंतर दोन मुद्दे वाढवून आला, आणि आता ‘उशिरा का होईना, सत्य बाहेर आलंच’ असा मथळा, तीन लाल गोळे आणि शेवटी ‘झोपलेल्यांना जागं करा’ अशा थाटात आला. पाठवणारा माझा शाळेतला बाकमित्र. गावात त्याचं सलून आहे. मेसेजखाली मला टॅग करून त्याने लिहिलं होतं, ‘मास्तर, तुम्ही होता ना तिथं? बोला आता.’

‘तिथं’ म्हणजे स्वॅब सेंटरवर. मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्ह्यातला. कोरोनात मास्तरांना कुठे कुठे बसवलं हे आता लोक विसरले. कोणी नाकाबंदीवर, कोणी रेशन दुकानात, कोणी विलगीकरण कक्षाच्या दाराशी. मला ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात मांडवाखाली बसवलं होतं, डेटा एन्ट्रीला. ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचणार नाही, म्हणून उत्तर इथे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: टेस्ट वाढवल्या म्हणून केसेस वाढल्या, टेस्ट थांबवल्या असत्या तर कोरोना महिन्यात गेला असता. आरटीपीसीआर शोधणाऱ्या नोबेलवाल्यानेच ही टेस्ट कोरोनाला चालत नाही असं सांगितलं, आणि टांझानियात तर पपई आणि बकरी पॉझिटिव्ह निघाली. प्रत्येक पेशंटमागे पालिकेला दीड लाख मिळत होते म्हणून साधी मरणंही कोरोनात घातली. स्वीडनने काहीच बंद केलं नाही, तिथे काहीच झालं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सिद्ध केलं की लॉकडाऊनमुळे फक्त ०.२ टक्के मृत्यू टळले. धारावीत कोरोना आपोआप गेला. आणि शेवटी, ज्यांना जायचं होतं ते गेलेच, लॉकडाऊनने नुसता उशीर केला.

टेस्टपासून सुरू करतो, कारण ते माझ्या टेबलावरून गेलेलं आहे.

माणूस आला की आधी मोबाइल नंबर, मग ओटीपी, मग ॲपमध्ये नाव, वय, पत्ता, लक्षणं. तेवढं झालं की एसआरएफ आयडी नावाचा लांबलचक नंबर तयार व्हायचा. तोच नंबर गुलाबी द्रावणाच्या छोट्या ट्यूबवर लिहायचा. आत पीपीई घातलेली सिस्टर घशातून, नाकातून काडी फिरवायची, काडी खाचेवर मोडून ट्यूबमध्ये टाकायची, झाकण, टेप, झिपलॉकची पिशवी, बर्फाची पेटी. संध्याकाळी गाडी पेटी घेऊन साताऱ्याला. एखाद्या ट्यूबवरचा नंबर पुसट झाला की दुसऱ्या दिवशी फोन यायचा, आणि त्या माणसाला पुन्हा नाकात काडी घालून घ्यायला बोलवायचं काम माझ्याकडे. शिव्या किती खाल्ल्या ते सोडा.

या मांडवाखाली बसून मी एक गोष्ट पाहिली, जी मेसेजच्या बरोबर उलटी आहे. लोक टेस्ट टाळत होते. ‘सर, नाव टाकू नका, गल्लीला पत्रे मारतील.’ ‘नंबर भावाचा टाका.’ ‘घरात सहा जण आहोत, पण माझी एकट्याचीच करा.’ पॉझिटिव्ह आलेल्या घराला गावात कसं वागवलं जायचं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणजे कागदावर येणारा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा लहान होता. देशभरही तेच होतं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, मे-जून २०२० मध्ये पहिलं सिरो सर्वेक्षण केलं, म्हणजे रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते पाहिलं. मोठ्या माणसांपैकी फक्त ०.७३ टक्के लोकांना तोवर लागण झालेली होती, पण तेवढ्यातही नोंदलेल्या एका रुग्णामागे न नोंदलेले ८२ ते १३० निघाले.

‘टेस्ट जास्त म्हणून केसेस जास्त’ हे खरं असेल तर दोन्ही आकडे एकाच हिशोबाने वर-खाली व्हायला हवेत. १७ सप्टेंबर २०२० ला देशात ९७ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले, आदल्या दिवशीच्या टेस्ट अकरा लाखांच्या वर. २ फेब्रुवारी २०२१ ला रुग्ण साडेआठ हजारांच्या आसपास, टेस्ट साडेसहा लाख. टेस्ट निम्म्यानेही कमी झालेल्या नाहीत आणि रुग्ण अकरा पटींनी कमी. तीन महिन्यांनी, १ मे २०२१ ला, रुग्ण चार लाखांच्या वर, टेस्ट एकोणीस लाखांच्या वर. सप्टेंबरच्या तुलनेत टेस्ट दुप्पटही नाहीत, रुग्ण चौपट. चौथीतल्या पोराला त्रैराशिक घालावं आणि त्याने ‘सर, गणित चुकलंय’ म्हणावं, असा प्रकार आहे.

म्हणूनच त्या काळात ‘पॉझिटिव्हिटी रेट’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला होता. शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह, एवढंच. टेस्ट नुसत्याच वाढवल्या आणि रोग वाढला नाही तर हा दर खाली यायला हवा. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये टेस्टही वाढत होत्या आणि दरही वर जात होता. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंध उघडायचे पाच स्तर केले तेही याच दरावर आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत यावर. पाच टक्क्यांच्या आत दर आणि पंचवीस टक्क्यांच्या आत बेड भरलेले, तर पहिला स्तर, जवळजवळ सगळं खुलं. मुंबई साडेपाच टक्क्यांवर होती म्हणून तिसऱ्यात अडकली, कोल्हापूर चौथ्यात.

इथे मेसेजवाल्यांना एक गोष्ट द्यावी लागते. टेस्टमध्ये घोटाळे झाले. हरिद्वारच्या कुंभमेळ्यात सुमारे एक लाख टेस्ट बोगस दाखवल्याचं प्रकरण निघालं. एकाच मोबाइल नंबरवर पन्नासहून जास्त माणसं, एकाच अँटिजन (झटपट निकालाच्या टेस्टच्या) किटवर सातशे नमुने. बिहारमध्ये जमुईला तर मोबाइल नंबराच्या रकान्यात नुसती शून्यं भरलेली सापडली. पण हे घोटाळे कुठल्या दिशेने होते ते बघा. बोगस टेस्ट या निगेटिव्ह म्हणून भरल्या जात होत्या, म्हणजे टार्गेट पूर्ण आणि दर खाली. केसेस फुगवायला नाही, पातळ करायला. आपल्याकडेही स्तर खाली यावा म्हणून अँटिजनचा मारा करायचा मोह जिल्ह्यांना होऊ शकतो, हे ओळखूनच २५ जून २०२१ च्या आदेशात राज्याने सांगितलं की पॉझिटिव्हिटी फक्त आरटीपीसीआरवरून धरायची.

आता नोबेलवाले. कॅरी मलिस यांना पीसीआरसाठी १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं. ते ७ ऑगस्ट २०१९ ला वारले हेही खरं. कोरोनाचं नावही तेव्हा कोणी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या नावावर जे फिरतं ते एचआयव्हीच्या वादातलं आहे. एचआयव्हीने एड्स होतो हेच त्यांना मान्य नव्हतं, आणि तिथे ते सपशेल चुकले होते. यंत्र बनवणाऱ्याला ते यंत्र कुठे कुठे चालेल हे सगळं कळतंच असं नाही.

पपईची गोष्ट मात्र मला आवडते, कारण ती खरंच घडली. म्हणजे बोलणं घडलं. टांझानियाचे अध्यक्ष जॉन मागुफुली यांनी मे २०२० मध्ये जाहीर सांगितलं की आम्ही पपई, बकरी, पक्षी यांचे नमुने माणसांची नावं घालून लॅबला पाठवले आणि काही पॉझिटिव्ह आले. नमुने कसे घेतले, कशात ठेवले, पुन्हा तपासले का, यातलं काही बाहेर आलं नाही. लॅबच्या प्रमुखांना मात्र निलंबित केलं. आफ्रिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने टेस्ट ठीक असल्याचं सांगितलं, ते कोणी फॉरवर्ड केलं नाही. पीसीआर काय शोधते, तर विषाणूच्या जनुकातला ठरावीक तुकडा. प्रत्येक फेरीत तो दुप्पट होतो, म्हणून कणभर सापडला तरी दिसतो. पपईत तो तुकडा नसतो. पण ज्या हातमोज्याने, ज्या टेबलावर पपई हाताळली तिथे असू शकतो. म्हणून तर लॅबमध्ये प्रत्येक खेपेबरोबर एक नळी रिकामी चालवतात. ती पॉझिटिव्ह आली तर अख्खी खेप बाद.

या गोष्टीचा पुढचा भाग मेसेजमध्ये नाही. टांझानियाने एप्रिल २०२० च्या अखेरीस आकडे देणंच बंद केलं, ५०९ रुग्णांवर. मेसेज म्हणतो तो प्रयोग एका देशाने खरोखर करून पाहिला. जूनमध्ये अध्यक्षांनी देश कोरोनामुक्त झाल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये झांझिबारचे पहिले उपाध्यक्ष सैफ शरीफ हमद गेले, त्यांना कोरोना झाल्याचं त्यांच्याच पक्षाने आधी जाहीर केलं होतं. मार्चमध्ये मागुफुली स्वतः गेले, सरकारने हृदयविकार सांगितला. जुलैत नव्या अध्यक्षा सामिया सुलुहू हसन यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली.

टेस्टवर खरी शंका घ्यायला जागा होती, ती वेगळीच. माणूस बरा झाला तरी विषाणूचे मेलेले तुकडे आठवडेच्या आठवडे नाकात सापडतात आणि टेस्ट पॉझिटिव्ह येते. पण हे कोणी लपवलं नव्हतं. म्हणूनच मे २०२० मध्ये नियम बदलला आणि सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी, पुन्हा टेस्ट न करता, घरी सोडायला लागले. सीटी व्हॅल्यूचा, म्हणजे विषाणू दिसायला टेस्टला किती फेऱ्या लागल्या त्या आकड्याचा, वादही असाच. पॉझिटिव्ह धरायची मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी का, अशी विचारणा आपल्या राज्यानेच केली होती. आयसीएमआरने नको म्हटलं, कारण मग लागण पसरवू शकणारे कित्येक जण निगेटिव्ह म्हणून सुटले असते.

दीड लाखांचं काय? हे मी मांडवाखाली रोज ऐकलं. ‘सर, तुम्हाला एकामागे किती मिळतात?’ मला डबा घरून न्यावा लागत होता. दर पॉझिटिव्हमागे पालिकेला दीड लाख अशी योजना नव्हतीच. आणि पैसे दाखवण्यासाठी मिळत असते तर मेलेले लपवले कशाला असते? १६ जून २०२० ला राज्याने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. फुगवणारा माणूस असं करतो का?

देशाचा हिशोब तर आता जन्म-मृत्यू नोंदणीतच आहे. २०१९ मध्ये देशात ७६ लाख मृत्यू नोंदले गेले. २०२० मध्ये ८१ लाख. २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख. एका वर्षात वीस लाखांहून जास्त वाढ, आणि कोरोनाचे अधिकृत मृत्यू दोन्ही वर्षांचे मिळून पाच लाखांच्या आत. गुजरातमध्ये कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या पन्नास हजारांच्या मदतीसाठी मंजूर झालेले अर्ज अधिकृत मृत्यूंच्या कित्येक पट निघाले. जागतिक आरोग्य संघटनेचा ४७ लाखांचा अंदाज केंद्राने फेटाळला, त्यावर वाद घाला, जरूर घाला. पण वाद किती कमी मोजले यावर आहे. जास्त मोजले असं म्हणायला कागद कुठे आहे?

लूट झाली, ती बिलात. मे २०२० मध्ये राज्याला खासगी हॉस्पिटलांच्या ऐंशी टक्के बेडचे दर बांधून द्यावे लागले: साधा बेड दिवसाला चार हजार, आयसीयू साडेसात, व्हेंटिलेटर नऊ. तरी पीपीईच्या, ‘इतर खर्चा’च्या नावाखाली लोकांनी जमिनी गहाण टाकल्या, हे मी जवळच्या घरात पाहिलंय. तो राग खरा आहे. पण मेसेज त्या रागाला भलत्याच पत्त्यावर पाठवतो, वड्याचं तेल वांग्यावर.

स्वीडनवर मला थोडं थांबायचंय. ‘काहीच बंद केलं नाही’ हे चूक. मार्च २०२० मध्येच पन्नासपेक्षा जास्त लोकांच्या जमावाला बंदी, वृद्धाश्रमात भेटायला बंदी, कॉलेजं ऑनलाइन. नोव्हेंबरमध्ये जमावाची मर्यादा आठवर आली. ‘काहीच झालं नाही’ हेही चूक. २०२० संपताना स्वीडनमध्ये नऊ हजारांहून जास्त माणसं गेलेली होती. शेजारच्या नॉर्वेत, निम्म्या लोकसंख्येत, साडेचारशेही नाहीत. स्वीडनच्या राजाने त्या डिसेंबरात आपण अपयशी ठरलो असं म्हटलं, आणि राजे लोक सहसा असं बोलत नाहीत.

पण गोष्ट तिथेही संपत नाही, आणि लॉकडाऊनचे कट्टर समर्थक हा भाग गाळतात. २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं एकत्र धरली तर नेहमीपेक्षा जास्तीचे मृत्यू स्वीडनमध्ये युरोपातल्या सर्वांत कमी देशांच्या रांगेत येतात. त्यांच्याच चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या: सक्तीपेक्षा सल्ल्यावर भर देणं मुळात बरोबर होतं, आणि सुरुवातीची पावलं फार कमी व फार उशिरा पडली. तिथे एकट्याने राहणाऱ्यांची घरं अतोनात, घरून काम करणं सोपं, आणि घरी थांबा म्हटलं तर पगार चालू. दहा बाय दहाच्या खोलीत सात जण राहतात तिथे हा सल्ला कसा उतरवायचा, ते मेसेज सांगत नाही.

स्वीडनकडून आपण जे घ्यायला हवं होतं ते वेगळंच. त्यांनी सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा उघड्या ठेवल्या. आपल्याकडे हॉटेलं आणि बार ऑक्टोबर २०२० मध्ये उघडले. माझ्या वर्गातली, पहिली ते चौथीची पोरं ग्रामीण भागात डिसेंबर २०२१ मध्ये शाळेत आली. मार्च २०२० मध्ये जो पहिलीत होता तो तिसरीत येऊन बसला. फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं, तर त्याने ते चित्र काढावं तसं उतरवलं, अक्षर म्हणून नाही. पेन्सिल मुठीत धरून. त्याच्या आईच्या मोबाइलला रेंज आणि रिचार्ज दोन्ही क्वचितच एका दिवशी असायचं. लॉकडाऊनवर टीका करायची तर इथून करा. मी तुमच्या पुढे उभा राहीन.

जॉन्स हॉपकिन्सचा कागद जानेवारी २०२२ चा. लिहिणारे तीन अर्थतज्ज्ञ, त्यातले एक त्या विद्यापीठातले. तो कार्यशोधनिबंध होता, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा मसुदा, विद्यापीठाचा निर्णय नव्हे. त्यात ‘लॉकडाऊन’ म्हणजे सरकारने सक्तीने केलेली कुठलीही एक गोष्ट, अगदी मास्कची सक्तीसुद्धा. आणि ०.२ टक्के हा आकडा युरोप-अमेरिकेच्या २०२० मधल्या पहिल्या लाटेचा. तो आकडा भारताचा नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर आपल्याकडच्या सरकारी दाव्यांनाही हाच चष्मा लावायला हवा. महाभारत अठरा दिवसांत जिंकलं, हे युद्ध एकवीस दिवसांत, असं २५ मार्च २०२० ला पंतप्रधान म्हणाले होते. एप्रिलच्या पत्रकार परिषदेत नीती आयोगाच्या व्ही. के. पॉल यांनी जो आलेख दाखवला त्यात १६ मे नंतर नवे रुग्ण शून्य. त्या १६ मेला देशात हजारोंनी रुग्ण निघत होते. आणि दुसऱ्या लाटेत मुंबईचा सर्वोच्च दिवस ४ एप्रिल २०२१. राज्याचे ‘ब्रेक द चेन’ नावाचे निर्बंध लागले ५ एप्रिलच्या रात्री. तेव्हा मुंबईची लाट निर्बंधांनीच मोडली असं छातीठोक सांगणाऱ्यालाही मी थांबवतो.

धारावीचं उत्तर छोटं आहे. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण. त्यानंतर घरोघर तपासणी, सार्वजनिक संडासांचं दिवसातून अनेकदा निर्जंतुकीकरण, शाळा आणि क्रीडा संकुलात विलगीकरण, जेवणाची पाकिटं. हे ज्यांनी केलं त्यांना ‘आपोआप’ हा शब्द ऐकवून बघा. बऱ्याच जणांना नकळत लागण होऊन गेली असेल हेही शक्य आहे. जुलै २०२० च्या पाहणीत मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण, सापडली. फक्त ती पाहणी माटुंगा, चेंबूर आणि दहिसरकडच्या तीन वॉर्डांत झाली होती, धारावीत नव्हे.

राहिला ‘उशीर’. मेसेजमधला हा एकच मुद्दा असा आहे की ज्यावर मी रात्री विचार केला. ज्यांना जायचं होतं ते गेलेच, मग उशिराने काय मिळालं?

मिळालं ते असं. २४ मार्च २०२० च्या रात्री देशात दिवसाला जेमतेम काही हजार टेस्ट होत होत्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दिवसाला एक लाख. मुंबईत वरळीचा डोम आणि वांद्र्याच्या बीकेसीचं मैदान हॉस्पिटल झालं ते या दोन महिन्यांत. आणि १६ जून २०२० ला इंग्लंडमधून एक निकाल आला: डेक्सामेथासोन. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. डेक्सा! तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं, काही रुपयांचं इंजेक्शन, दम्याला, ॲलर्जीला वर्षानुवर्षं देत आलेलं. एप्रिलमध्ये दम लागून दाखल झालेल्या माणसाला ते द्यायचं की नाही यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. जुलैत दाखल झालेल्याला ते मिळालं. रोग तोच, माणसं तशीच, मध्ये फक्त तीन महिने. लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, म्हाताऱ्यांना मार्चपासून. माझ्या वडिलांची लागण मे २०२१ मध्ये झाली, पहिला डोस घेतल्यावर. ते आज अंगणात बसून मला हाका मारतात. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, मास्तर आहे. पण उशिराला काही किंमत नव्हती हे मला कोणी पटवू शकणार नाही.

उलट प्रश्न असा विचारायला हवा की विकत घेतलेल्या वेळेचं केलं काय? केंद्राने ऑक्सिजन बनवणारे १६२ प्रकल्प हॉस्पिटलांच्या आवारात बसवायचं २०२० मध्येच ठरवलं. दुसरी लाट डोक्यावर आली तेव्हा, एप्रिल २०२१ च्या मध्याला, त्यातले ३३ बसलेले होते. आणि वेळ विकत घेताना पैसे कोणी भरले? रात्री आठला भाषण, बाराला देश बंद. चार तास. जालन्याहून पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली त्यातले सोळा गेले. रुळांवर भाकऱ्या विखुरलेल्या होत्या. या प्रश्नांना मेसेजमध्ये एक ओळ नाही. सगळी जागा पपईने आणि स्वीडनने खाल्ली.

परवा संध्याकाळी त्याच्या सलूनमध्ये गेलो. हे सगळं तोंडी सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘तुझा पगार चालू होता.’

होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात दारूच्या दुकानांना परवानगी मिळाली, सलूनला २८ जूनला, तीही फक्त केस कापायला. दाढी करायची नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसून विचारायचं, ‘केसाला कोरोना नाही आणि दाढीला आहे का?’ आणि याच्याकडे उत्तर नसायचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा शटर खाली.

मी म्हटलं, ‘मग ग्रुपवर हे टाक ना. तुझ्या दुकानाचं.’

तो काही बोलला नाही. वस्तरा पुसून ठेवला, आरशाखालचा ड्रॉवर ओढला आणि कंगव्यांच्या खालून घडी घातलेला कागद काढला. जून २०२० चं लाइट बिल. दुकान बंद, रीडिंगला माणूस नाही, सरासरी लावून काढलेलं.

‘भरलं मी,’ तो म्हणाला. ‘तीन हप्त्यांत.’ आणि कागद पुन्हा होता तसा कंगव्यांच्या खाली ठेवला.